काकानं खाली ठेवलेली थाळी

आत्ताच सांगतो, नाहीतर डोकं फुटन माझं! एकोडीच्या तलावावर मासे धरणारे एक काका रोज दिसतात, नाव माहीत नाही. धुकं पडलं की काठावर पितळी थाळी वाजवतात, मंग डोंगे, म्हंजे लहान होड्या, चालवणाऱ्यांले काठ समजते. परवा सकाळी धुक्यात छोटं खाजगी विमान पडलं, आतले सगळे गेले. मी मोबाईलवर बातमी दाखवली.

काका म्हणाले, "बाबू, थे इथंच घिरट्या घालत होतं. आमचे डोंगे आले होते, म्हून मी थाळी खाली ठेवली."

"काका, विमानात थाळी ऐकू येते का?"

"नाही येत, पक्कं?"

पक्कंच नाही येत. पण तोंडातून निघालंच नाही माझ्या.

आज कडक ऊन, डोंगे काठावर, तरी काका वाजवूनच राहिले. तुमच्यासोबत झालं का कधी असं?