एकट्या बाईला ट्रकमध्ये जागा नव्हती

बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. त्या वैशाखात मी पाथर्डीपलीकडच्या डोंगरावर देवीला गेले, ती नवस फेडायला नव्हे. माझे यजमान श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यात कामाला होते. पौषात त्यांना कावीळ झाली. अंथरुणावरून तेच देवीला बोलले, "उठलो की जोडीनं दर्शनाला येईन." ते उठले नाहीत. मूलबाळ नव्हतं, माहेरी कुणी उरलं नव्हतं, आणि दीर दिवसकार्य उरकून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. कारखान्याच्या खोलीत मी दिवस दिवस कुणाशी बोलत नसे. मग एकदा वाटलं, देवीसमोर उभं राहावं आणि विचारावं, माझं एवढं काय चुकलं? भक्तीनं नाही, रागानं गेले.

गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि शब्द फुटेना. तशीच पायरीवर बसून राहिले. दुपार कलली तसं आभाळ काळवंडलं आणि वळवाचं वादळ सुटलं. तसलं वारं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. धर्मशाळेचे पत्रे पाचोळ्यासारखे उडाले, नारळ-प्रसादाची दुकानं भुईसपाट झाली, घाटातली झाडं मोडून रस्त्यावर आडवी पडली. एसटी बंद. आम्ही बाहेरगावची माणसं ओल्या कपड्यांनी सभामंडपात बसून राहिलो. जो तो आपल्या माणसाला बिलगून होता. मी खांबाला टेकले होते.

सकाळी रस्ता मोकळा करत पोलीस आले. एक हवालदार, दोन शिपाई आणि मागे आम्हाला खाली पाथर्डीला न्यायला एक मालट्रक. पडलेल्या दुकानांतला काही माल नाहीसा झाला होता, त्यामुळे त्यांची नजर आमच्यावर. सगळ्यांना गाठोडी सोडायला लावली. माझी पिशवी त्यांनी ओल्या फरशीवर उलटी केली. लुगडं, तांब्या, भाकरीचं फडकं, सगळं लोकांसमोर पसरलं. मग हुकूम झाला, बायकापोरंवाल्यांनी ट्रकमध्ये बसायचं, एकटे असतील त्यांनी बाजूला व्हायचं. एकट्या पुरुषांना त्यांनी कडुलिंबाखाली उकिडवं बसवलं. फिरत फिरत हवालदार माझ्यापाशी आला.

"बाई, संगं कोन हाय?"

"कुणी नाही."

"मंग न्यायला कोन येईल?"

"कुणी नाही."

"एकट्या बाईची जबाबदारी आमी न्हाई घेत. चौकीत बसायचं. घरचं मानूस आलं की सोडू."

त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते. दुष्ट नसावा, दमलेला होता. पण मला घरचं माणूसच नव्हतं, हे त्याला कसं सांगू? यजमान गेले त्या दिवशी जेवढी एकटी पडले नव्हते, तेवढी त्या घटकेला पडले. मी देवळाकडे वळले. विचारायचं होतं ते सगळं पुसून गेलं होतं. तोंडून एवढंच आलं, "आई, माझं आता तूच बघ."

"आवं हवालदार, ती माजी सून हाय!"

मागून एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. मी तिला ओळखत नव्हते.

"सून? मंग कुनी न्हाई म्हनती ती?"

"रुसलीया. काल वाटंत भांडलो आमी. तुमच्या घरात न्हाई व्हय सासू-सुनंचं हुत?"

शिपाई हसले. हवालदारानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ट्रककडे हात केला. म्हातारी मला म्हणाली, "चल गं, हात दे. माजं गुडगं चालंनात."

ट्रकमध्ये मी हळूच विचारलं, "आजी, तुमची माणसं कुठायत?"

"कुठली मानसं? मीबी एकलीच. पोरगा ऊसतोडीला गेला तो तिकडंच ऱ्हायला. मला इचारलं असतं तर मीबी चौकीतच बसले असते. तुला बघितलं आन् म्हनलं, देवीनं सून धाडली."

यजमान गेल्यावर मी त्या ट्रकमध्ये पहिल्यांदा मोकळेपणी रडले. म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

पाथर्डीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा हवालदार हॉटेलातून दोन कप चहा घेऊन आला. "घ्या मावशी. सुनंलाबी द्या." मग जाता जाता मला म्हणाला, "बाई, सासूला संभाळा." त्याला खरं कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

आजींना एकटं सोडवेना म्हणून मी त्यांना त्यांच्या गावी पोचवायला गेले. त्यांच्या घराच्या छपराचा एक भाग वाऱ्यानं नेला होता. तो शाकारून होईतो राहिले, मग पेरणीपर्यंत राहिले, आणि मग कारखान्याची खोलीच सोडून दिली. पुढं दुष्काळ आला तेव्हा खडी फोडायला जाऊन मी दोघींच्या भाकरीची सोय केली. आजी गेल्या तेव्हा निरोप मिळालेला मुलगा अजून वाटेतच होता. शेवटचं पाणी मी पाजलं.

हा चमत्कार होता असा माझा दावा नाही. देवीनं माझ्या रागाला उत्तर दिलं नाही. मी कुणाचा तरी आधार शोधत होते, तिनं मला कुणाचा तरी आधार केलं. आपण हात टेकले की ती आपला हात कुणाच्या हातात देईल, ते आपल्याला ठरवता येत नाही. आज आजींच्या या घरात पुन्हा मी एकटीच आहे. सकाळी दार उघडलं की समोर तो डोंगर दिसतो. मी हात जोडते, काही विचारत नाही, आणि कामाला लागते.