डोंगराचा सिनेमा आणि आमची विहीर

आज माझे हे आणि माझा भाऊ दोघंही धडधाकट आहेत, एकमेकांना टाळ्या देत पत्ते खेळतात, म्हणून मी हे हसून सांगू शकते. त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं.

ऐंशीच्या दशकातला उन्हाळा. मोसंबीच्या बागेसाठी औषध आणायला आम्ही दोघं परतूरला गेलो होतो. परतीच्या जीपला अजून तीन तास होते. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. हे म्हणाले, चल, थेटरात बसू, सावली तरी मिळेल. पाटीवर डोंगराचं चित्र होतं. मला वाटलं देवाधर्माचा सिनेमा असेल. निघाला इंग्रजी, हिंदीत बोलणारा.

बाहेर मे महिना, आत पंखे बंद, आणि पडद्यावर गोऱ्या लोकांच्या मिशांवर बर्फ साचलेला. डोंगराच्या शेंड्यावर कोणीतरी सरकारी कागद लपवलेले होते, ते आणायला पाच जण निघालेले, पाचही एकाच दोराला बांधलेले. आणि त्यांतला एक शत्रूचा हेर. कोण, ते ठाऊक नाही. मी म्हटलं, ज्याचा भरवसा नाही त्याच्याबरोबर दोराला बांधून घेतातच कशाला हे शहाणे? हे म्हणाले, गप बस, बघू दे.

थेटरातल्या लोकांनी तोवर काळ्या चष्मेवाल्यावर शिक्का मारला होता. "अरे हाच हाय, धरा त्याला!" म्हणून माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. पण हेर निघाला तो सगळ्यांना चहा करून देणारा, गोडबोल्या म्हातारा. ऐन कड्यावर त्यानं आपली गाठ सोडली आणि दोर सोडून दिला. माझ्या मागची बाई उठून ओरडली, "मुडदा बशिवला तुझा!" मलाही तेच म्हणायचं होतं.

यांचं लक्ष मात्र भलतीकडेच. नायक तो उभा कडा कसा उतरला, एवढंच यांच्या डोक्यात बसलं. "अगं, पाय भिंतीला, पाठ हवेत, अन् चालत गेल्यासारखा खाली! बिलकुल भ्या न्हाई!" जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसलेली, त्यात हे पाय उचलून दाखवायला लागले. मी यांचा सदरा ओढून खाली बसवलं.

पंधरा दिवसांनी आमच्या विहिरीतला पंप पाणी ओढेना. खालचा पाइप गाळात रुतला होता. बाग सुकायला लागली, पानं गळायला लागली. कोणीतरी खाली उतरणं भाग होतं, आणि यांनी जाहीर केलं की मीच उतरणार.

आमच्याकडे एक जुनी रीत होती. विहिरीत उतरणाऱ्याचा दोर त्याच्या मेव्हण्यानं धरायचा, बायकोच्या भावानं. भावकीचा काय भरवसा, गड्याचं लक्ष उडू शकतं, पण स्वतःच्या बहिणीचं कुंकू कोण पुसणार? सासरे म्हणाले, "मेव्हणा आल्याबिगर विहिरीत पाय टाकायचा न्हाई."

पंचाईत अशी की माझा भाऊ दोन वर्षं आमच्या घराकडे फिरकला नव्हता. धाकट्या दिराच्या लग्नात भोंग्यावरून एकेकाचं नाव पुकारून फेटे बांधले, त्यात दादाचं नाव पुकारायचं राहून गेलं. मुद्दाम नव्हे हो, गडबडीत! पण दादा उठला तो न जेवता गेला. यांनीही हट्ट धरला, की मी का म्हणून जाऊ समजूत काढायला? दोन भाऊबीजा माझं निरांजन तसंच विझलं. दोघांच्या फेट्यांना एकदा चूल दाखवावी असं मला वाटायचं.

हे म्हणाले, "दोर गडी धरतील. त्याला बोलवायचं काम न्हाई." मी हो म्हटलं, आणि मागच्या दारानं जाऊन माझ्या माहेरी, घनसावंगीला जाणाऱ्या जीपवाल्याकडे दादाला निरोप धाडला: यांना विहिरीत उतरायचंय, दोर धरायला माणूस नाही. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं दादा हजर. घरात आला नाही, मी पाणी पुढे केलं ते घेतलं नाही, थेट विहिरीवर गेला. सासऱ्यांच्या पाया पडला आणि दोर हातात घेतला. यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग सुरू झालं दोघांचं बोलणं, माझ्या तोंडून.

"त्यांना सांग, दोर कमरेला डबल बांधा म्हणावं," दादा म्हणाला.

"त्याला सांग, मला समजतं म्हणावं."

"त्यांना सांग, बाज सोडा खाली, बाजेवर बसून उतरा."

"त्याला सांग, बाजेवर म्हाताऱ्या बसतात."

चार हातांवर उभे दोघं, आणि मी मधे! म्हटलं, मेल्यांनो, मी काय टपालखातं आहे का? सासरे तेवढे हसले.

विहीर खोल, तळाशी कमरेएवढं पाणी आणि त्यात पंपाचं लोखंड. जुन्या मोटेचा एक लाकडी खुंट काठावर होता, त्याला दादानं दोराचा एक वेढा दिला आणि हळूहळू सोडायला लागला. दोन्ही गडी पाइपाचा दोर धरून पलीकडच्या काठावर. मी वाकून पाहिलं, तर हे नेहमीच्या माणसासारखे उतरतील तर शपथ! पाय भिंतीला, पाठ हवेत. पडद्यावरचा तो गोरा आमच्या विहिरीत उतरत होता. वर मान करून माझ्याकडे बघून हसलेसुद्धा.

त्या गोऱ्याचा कडा अखंड दगडाचा होता. आमची विहीर वाडवडिलांनी दगडावर दगड ठेवून बांधलेली. यांच्या पायाखालचा एक दगड निसटला, त्यामागं चार-पाच धडाधड पाण्यात गेले. हे अधांतरी लोंबकळले. तो हिसका असा बसला की खुंट मुळापासून उपटून आला, आणि सगळा भार दादाच्या नुसत्या हातांवर पडला.

दादा फरफटत काठाकडे निघाला. दोर त्याच्या तळव्यांतून सरकत होता. एक पाय त्यानं काठाच्या दगडाला लावला, तो दगडही हलायला लागला. गडी पलीकडून धावत निघाले, पण वळसा घालून यायला वेळ लागणार. मी मागून दादाच्या कमरेला मिठी मारली. मला त्याची मान दिसत होती, तिच्यावरच्या फुगलेल्या शिरा दिसत होत्या. तो आत जाणार हे मला दिसत होतं. आणि मी ओरडले, "दादा, सोड! सोड दोर!"

होय. मी म्हटलं. माझ्या नवऱ्याचा दोर सोड, असं मी माझ्या तोंडानं म्हटलं. रीत घालणाऱ्यानं भावाचा विचार केला होता, बहिणीचा कोणी केलाच नव्हता.

दादानं मागं वळून पाहिलं नाही. "गप गं!" म्हणाला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा यांना हाक मारली. "दाजी! हाय मी! भिंतीला पाय लावू नका, नुसते लटका!"

तेवढ्यात गडी पोचले. चौघांनी मिळून ओढलं आणि हे वर आले. गुडघा फुटला होता, कोपर सोलपटलं होतं, पण जिवंत होते. मी मटकन खाली बसले. तोंडात नुसतं देवा, देवा.

दादाच्या तळहातांची सालटी निघाली होती. यांनी ते पाहिलं. मग म्हणाले, "दादा, फेट्याचं आमचं चुकलंच."

"फेट्याचं मरू द्या दाजी. आधी हे सांगा, भिंतीवर चालायचं कोणी शिकवलं तुम्हाला?"

यांनी मान खाली घातली. "परतूरला सिनेमा पाह्यल्ता."

सासऱ्यांनी काठी उगारली. "गाढवा! उद्या सिनेमात विमान उडवत्यान, मंग घरावरून उडी टाकतो का?" गडी हसले, दादा हसला, हात झटकत विव्हळला आणि पुन्हा हसला. हळद मी लावली. त्या दिवशी दादा पोटभर जेवला, यांच्याच ताटाशेजारी बसून, चमच्यानं. दुसऱ्या दिवशी एक गडी बाजेवर बसून रीतसर खाली गेला आणि पाइप मोकळा झाला. बाग जगली.

माझं मात्र आतून सुटेना. दादानं तो विषय कधी काढला नाही. पण वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना माझा हात अडायचा. सात जन्म हाच नवरा दे म्हणायचं, आणि याच जन्मात सोड म्हणून ओरडले होते! कोणाला सांगणार?

पुढं मुलांच्या शाळेसाठी आम्ही जालन्याला राहायला आलो. विहिरीच्या त्या दिवसाला बारा वर्षं झाली असतील. एका सकाळी हे अंगणात दाढी करत बसले होते, आणि मला राहवेना. म्हटलं, "एक सांगायचंय. तुम्ही विहिरीत लटकला होता तेव्हा मी दादाला..."

"सोड म्हणालीस," हे म्हणाले. "ऐकलं की. विहिरीत आवाज घुमतो, मला तर तीनदा ऐकू आलं."

"आणि बारा वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मी खाली लटकून देवाला म्हणून राह्यलो, हा माणूस जन्मात कधी बहिणीचं ऐकला न्हाई, आजच ऐकायला लावू नको."

"राग नाही आला?"

त्यांनी गालावरून वस्तरा काढला. "आल्ता. वर जाऊन पहिलं तुलाच विचारणार होतो. पण वर आलो तर तू दोघांच्या मधी बसलेली. एका हातात त्याचा सदरा, एका हातात माझं धोतर. गडी सोडवून राह्यले तर तुझ्या मुठी उघडंनात. मंग काय विचारायचं तुला?"

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी तिथंच पायरीवर बसून मोकळेपणी रडले, बारा वर्षांचं सगळं. यांनी थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाले, "पाणी गार होऊन राह्यलं, जरा गरम करून दे."