वरची बारीक अक्षरं

मी सगळ्यात जास्त कोणाचा ऋणी असेन, तर तो नेरूळच्या माझ्या जपानीच्या बाईंचा. यजमानांच्या नोकरीमुळे त्या काही वर्षं जपानात राहिल्या होत्या, आणि परत आल्यावर आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये संध्याकाळी चार-पाच जणांना शिकवायच्या. मी बार्शीकडचा. वडील गवंडीकाम करायचे, आणि आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. बी.एस्सी. होऊन मी शिरवण्याच्या एका कारखान्यात लागलो होतो. तिथल्या जपानी मशिनवरची सगळी बटणं जपानीत होती. आमच्या आधीच्या कोणीतरी त्यांच्यावर चिकटपट्ट्या लावून मराठीत लिहून ठेवलं होतं: चालू, बंद, हात घालू नको. त्या पट्ट्यांच्या खाली खरं काय लिहिलंय हे कळावं, एवढ्याच इच्छेनं मी बाईंकडे गेलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे गणिताची चौकोनी वही ठेवली आणि हिरागानाची पहिली ओळ काढून दाखवली. मी विचारलं, इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं तर चालेल का, लवकर पाठ होईल.

"पाठ कशाला करायचंय? तुला वाचायचंय ना?" बाई म्हणाल्या.

मग मी लिहायला लागलो, आणि ओळ पूर्ण झाल्यावर हात आपोआप डावीकडे गेला. त्या पाच जपानी अक्षरांच्या डोक्यावरून मी सरळ शिरोरेषा ओढली. बाई खूप हसल्या. म्हणाल्या, माझ्याकडे येणारं प्रत्येक मराठी पोर हेच करतं, अक्षर दिसलं की छप्पर घालतं. मग खोडरबर घेऊन त्यांनीच ती रेघ पुसली.

त्यांच्याकडे मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा राग त्याच्यावर उभा आहे. जपानी लिहायला तीन लिप्या एकदम वापरतात. हिरागाना ही रोजची अक्षरं. काताकाना ही बहुतेक बाहेरून आलेल्या शब्दांची आणि आपल्यासारख्या परक्यांच्या नावांची. आणि चित्रांसारखी दिसणारी, एकेका अर्थाची कांजी. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, म्हणून लिप्यांची ही अदलाबदलच डोळ्याला वाट दाखवते. चौकोनात लिहिताना एका चौकोनात एकच अक्षर. एखादं अक्षर नुसत्या थबकण्यासाठी लहान लिहायचं असतं, त्यालाही पूर्ण चौकोन मिळतो आणि ते त्याच्या कोपऱ्यात बसतं. एक अक्षर एरवी 'हा' वाचतात आणि ठरावीक ठिकाणी 'वा'. मी कुरकुर केली तेव्हा बाई म्हणाल्या, आपण 'सिंह' लिहितो आणि 'सिंव्ह' म्हणतो, तेव्हा कुठे कुरकुर करतोस? आणि शिकणाऱ्यांसाठी एक सोय असते. कठीण कांजीच्या डोक्यावर तिचा उच्चार बारीक हिरागानात लिहून देतात. हिरागाना येत असेल तर त्या बारीक अक्षरांचा हात धरून माणूस कितीही मोठ्या मजकुरात शिरू शकतो.

जपानीच्या दोन परीक्षा पास झाल्यावर मी कारखाना सोडला आणि खारघरच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागलो. जपानमधल्या वृद्धाश्रमांत काळजीवाहक म्हणून जाणाऱ्यांची तिथे बॅच असायची. बहुतेक मुली नर्सिंग केलेल्या, रायगडातल्या, साताऱ्याकडच्या, काही इथल्याच गावांतल्या. रुजू झालो त्या दिवशी क्लासच्या मालकांनी माझ्या हातात त्यांची पुस्तिका दिली. त्यात जपानीचं एकही अक्षर नव्हतं. सगळं देवनागरीत. 'वाताशि वा', 'योरोशिकु', असं पानोपान.

मी विचारलं, लिपी कधी सुरू करायची. ते म्हणाले, ॲडव्हान्स बॅचला. मी म्हटलं, ॲडव्हान्स बॅच तर नाहीच आहे.

"सर, ही मराठी मीडियमची पोरं," ते अगदी मायेनं म्हणाले. "ह्यांना ती किडामुंगी दाखवली ना, तर दुसऱ्या दिवशी अर्धी बॅच खाली. इंटरव्ह्यू तोंडी असतो. टेन्शन घेऊ नका."

"मीपण मराठी मीडियमचाच आहे."

"तुम्ही वेगळे हो, सर."

त्या 'तुम्ही वेगळे'चा मला जेवढा राग आला तेवढा शिवी दिली असती तरी आला नसता. मी वेगळा कसा? जिल्हा परिषदेच्या शाळेत पत्र्याखाली बसून शिकलो. मला येतं आणि माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीला येणार नाही, हे तिला न विचारता कोणी ठरवलं? देवनागरी ही लिपी म्हणून मला प्रिय आहे. जपानी उच्चार तिच्यात इंग्रजीपेक्षा पुष्कळ बरे उतरतात, हेही खरं. म्हणूनच ती युक्ती गोड वाटते. पण जपानातल्या औषधाच्या डबीवर, जिन्याच्या दारावर, आजोबांच्या जेवणाच्या ताटावर कोणी देवनागरीत लिहिणार नाही.

त्या बॅचमध्ये शिरवण्याची एक सून होती. नर्सिंग झालेली, एक लहान मुलगी असलेली. सासरच्यांची जमीन शहर वसवताना कधीच गेली होती, आता चाळीच्या खोल्यांचं भाडं आणि एक किराणा दुकान. सुनेनं नोकरी करायची गरज काय, असं घरात सगळ्यांचं मत. नवऱ्यानं मधे पडून तिला दिवाळीपर्यंतची सवलत मिळवून दिली होती. तोवर निवड झाली तर जायचं, नाही तर दुकानात बसायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही. हे तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, ती कधी उशिरा आली तर मी तिला आळशी समजू नये म्हणून.

पहिली मुलाखत झाली तेव्हा मी खोलीत बाजूला बसलो होतो. पडद्यावर तिकडच्या वृद्धाश्रमाच्या मुख्य परिचारिका आणि शेजारी दुभाषी. आमच्या मुली एकेक करून समोर बसत होत्या. पुस्तिकेतला एकच परिच्छेद सगळ्यांनी पाठ केलेला, त्यामुळे सगळ्यांचा छंद स्वयंपाक आणि सगळ्यांना फुजी पर्वत बघायचा. चौथ्या मुलीला फुजी पर्वत आला तेव्हा त्या बाई हसल्या, सहाव्या मुलीला हसल्या नाहीत. मग त्यांनी तीन कार्डं कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांच्याकडच्या तीन आजी-आजोबांची जेवणाची कार्डं. विचारलं, यांतल्या कोणाला बारीक चिरलेलं जेवण द्यायचं?

एकीलाही सांगता आलं नाही. शिरवण्याच्या मुलीनं कार्डाकडे बराच वेळ बघितलं आणि मग मान खाली घातली.

परिचारिका बाई रागावल्या नाहीत. दुभाष्याकडून एवढंच म्हणाल्या, की मी प्रत्येक कांजीवर लहान अक्षरांत उच्चार लिहून आणले होते, तेवढे वाचता येतील असं वाटलं होतं. त्यांना वाटलं ते बरोबरच होतं. कुठल्याही शिकणाऱ्याला तेवढं येतं, शिकवलं तर.

संध्याकाळी मालकांनी पालकांना फोन केले. मी समोरच होतो. भाषा फार कठीण आहे, मुली कमी पडल्या, पुढच्या वेळी बघू, असं ते प्रत्येकाला सांगत होते. मुली कमी पडल्या! ज्यांना ताटच वाढलं नाही त्या जेवल्या नाहीत म्हणून बोल लावायचा, आणि तोही त्यांच्या आईबापांना फोन करून. मी तिथे काय बोललो ते लिहीत नाही. मालक मात्र शांतपणे म्हणाले, सर, चहा घ्या.

खाली पायऱ्यांवर ती मुलगी थांबली होती. डोळे कोरडे होते.

"सर, त्या कार्डावर वरती बारीक अक्षरां होती. ती आमच्यासाटी लिवलेली ना?"

मी हो म्हटलं.

"मंग आमाला का नाय शिकवली?"

मी तिला मालकांचं म्हणणं सांगितलं, शब्द न बदलता. ती म्हणाली, "मी तीन वरसं इंग्लिशमदनं औषधांची नावां पाठ केली, सर. येनार नाय असं कोनी ठरवलं?"

वृद्धाश्रमाची पुढची फेरी दिवाळीच्या आधी होती. मी वर्गात लिपी सुरू केली, तर मालकांनी तास मधेच थांबवून पुस्तिका काढायला लावली. मग मी रविवारी शिरवण्याला जायला लागलो. गावदेवीच्या देवळाच्या सभामंडपात दुपारी कोणी नसतं. बॅचमधल्या अजून तिघी येऊ लागल्या. चौकोनी वह्या आणल्या. पहिल्या ओळीवर चौघींनीही शिरोरेषा ओढली आणि मी एकटाच हसत बसलो. मालकांना हे महिन्याभरात कळलं. क्लासच्या विद्यार्थिनींना बाहेर शिकवायचं नाही, नाही तर राजीनामा द्या, असं ते म्हणाले. मी राजीनामा दिला. आमच्या घरात ठरलेल्या पगाराची नोकरी करणाराही मी पहिलाच होतो.

सभामंडपात तिची सासू अधूनमधून डोकावायची. एकदा वहीत बघून म्हणाली, "ही रांगोली कवा संपनार?" सून म्हणाली, "आत्या, ह्ये तुमचं नाव हाय." सासूनं ते नाव दोनदा बोट फिरवून बघितलं, पण कौतुक काही केलं नाही. जाताना चहा पाठवते म्हणाली.

दुसरी मुलाखत मी पाहिली नाही. क्लासमध्येच होती, आणि मला तिथे आता जायची सोय नव्हती. तिनं नंतर सांगितलं ते असं. त्याच परिचारिका बाई होत्या. या वेळी त्यांनी एक चौकोनांचा कागद काढायला सांगितला आणि म्हणाल्या, सकाळी एका आजीनं नाश्ता केला नाही, हे रात्रपाळीच्या माणसासाठी लिहून ठेवा. तिनं सावकाश लिहिलं. एका ठिकाणी थबकायचं लहान अक्षर राहिलं होतं, ते खोडून पुन्हा लिहिलं, त्याच्या स्वतःच्या चौकोनात. बाई थांबून राहिल्या. मालक मागून हळूच "जल्दी" म्हणत होते. तिनं कागद कॅमेऱ्यासमोर धरला. बाईंनी तो मोठ्यानं वाचला आणि विचारलं, आजीनं का खाल्लं नसेल असं तुम्हाला वाटतं? ती म्हणाली, आधी दातांची कवळी बघीन.

तिची निवड झाली. सभामंडपात येणाऱ्या बाकीच्या तिघींपैकी एकीची झाली, दोघींची राहिली. त्या अजून येतात.

आठवडाभरानं खारघरच्या मेट्रो स्टेशनपाशी फ्लेक्स लागला. तिचा फोटो, अर्ज भरताना दिलेला. खाली मोठ्या अक्षरांत: 'लिपीची भीती नको! देवनागरीतून जपानी, फक्त दीड महिन्यात.' कडेला उभ्या ओळीत एक जपानी शब्द छापला होता, आणि त्यातली स्वर लांबवायची रेघ, जी उभ्या ओळीत उभी असायला हवी, ती आडवीच पडली होती. मी फ्लेक्ससमोर उभा राहिलो तेव्हा माझे कान तापले होते. हिनं दुपार दुपार बसून जे मिळवलं, ते ज्या माणसानं तिच्यापासून दूर ठेवलं, तोच ते आता तिच्या चेहऱ्यावर विकत होता.

मी काही करायच्या आधीच तिची सासू क्लासमध्ये पोचली होती. सून बरोबर होती, तिनंच मला सगळं सांगितलं. सासू खुर्चीवर बसली नाही. "माझे सुनंचा फोटू कोनाला विचारून लावला?"

मालक म्हणाले, मावशी, अभिमानाची गोष्ट आहे.

"अभिमान हाय, तर मंग खरं लिव. देवलान बसून शिकली ती. तुजे पुस्तकान काय व्हतं?"

मालकांनी फोटो काढायचं कबूल केलं. दोन दिवसांनी फ्लेक्सवर दुसऱ्याच कुठल्यातरी हसऱ्या मुलीचा फोटो आला. मजकूर तसाच राहिला. तो आजही तिथे आहे.

फ्लेक्सवरचा फोटो बदलला त्याच दिवशी मी नेरूळच्या बाईंना पत्र लिहिलं. त्या आता नागपूरला लेकीकडे असतात आणि फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही.

आदरणीय बाईंना सादर नमस्कार,

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, म्हणजे नातीला वाचायला लावावं लागणार नाही. मी क्लास सोडला. कारण सोबतच्या पानांवर सविस्तर लिहिलं आहे. वाचून तुम्ही म्हणाल की एवढं चिडू नये. पण बाई, मला चीड आहे आणि ती कमी झालेली मला नको आहे. गरिबाच्या मुलाला सोपं करून देतो म्हणत त्याचं अर्धं काढून घ्यायचं, आणि वर त्यानं आभार मानायचे, असं मी शाळेपासून पाहत आलो आहे. फक्त तुमच्याकडे तसं झालं नाही.

शिरवण्याची ती मुलगी पुढच्या महिन्यात निघेल. तिची लेक सासूजवळ राहणार आहे. सासू म्हणते, पोरीला फोनवर आईचं जपानी ऐकवू नका, ती माझ्याशी आगरीतच बोलेल. मंडपातली बॅच आता वाढली आहे, देवस्थानानं पंखा लावून दिला. नोकरीचं बघतो आहे. घरी अजून सांगितलेलं नाही.

एक विचारायचं होतं. त्या पहिल्या संध्याकाळी तुम्ही मला काही न विचारता वही पुढे केलीत. मला हे जमेल असं तुम्हाला तेव्हा खरंच वाटलं होतं, की वाटलं नसतानाही तुम्ही दिलीत? मंडपात नवीन मुलं येतात तेव्हा सगळ्यांबद्दल मला तशी खात्री वाटत नाही, तरी मी सगळ्यांनाच पहिल्या दिवशी अक्षरं देतो. हे बरोबर करतो आहे ना, एवढं कळवा.

आपला विद्यार्थी