उपासाची भगर

चौसाळ्याच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की जिल्हा परिषदेची एक छोटी शाळा लागते. राजश्री तिथं सहा वर्षं शिकवत होती, आणि आपल्या हातचं सगळ्यांना चालतं का, हे सहा वर्षं तिला कळत नव्हतं.

मधल्या सुटीत तिघी शिक्षिका डबे मध्ये ठेवत. मनिषाचं लोणचं फिरे, विजयमाला मॅडमचं पिठलं फिरे. राजश्रीची भाजी मॅडमपाशी आली की नेमका वार आडवा येई. सोमवारी महादेव, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती; उरलेल्या दिवशी पित्त. मनिषा खायची, पण मनिषा कुणाचंही खायची, म्हणून तिची साक्ष धरता येत नव्हती.

मॅडमचे उपास खरे होते. पित्ताच्या गोळ्याही पर्समध्ये होत्या. राजश्रीच्या बाळंतपणात तीन महिने तिचा वर्ग याच मॅडमनी सांभाळला होता.

राजश्रीची झोप उडाली. बसल्या जागी छातीत धडधडायचं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. "काही टेन्शन?" त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. एक बाई माझी भाजी बहुतेक मुद्दाम खात नाही, हा आजार सांगायचा कसा?

माहेरी, पाली गावात, आईनं, भामाबाईनं, ऐकून घेतलं. त्यांचं घर छप्पन्न सालीच बौद्ध झालेलं. गावाला ते उमगायला बराच वेळ लागला. "आमाला वरून पाणी वतायचे," ती म्हणाली. "मनात शिव्या द्यायचो अन् झोपायचो. तुझं लई अवघड हाय, बाई."

बदलीचा अर्ज भरायची मुदत गुरुवारपर्यंत होती. राजश्रीनं ठरवलं, त्या दिवशी उपासाचंच न्यायचं. मॅडमनी खाल्लं तर इथंच राहायचं. पहाटे उठून तिनं भगर शिजवली, शेंगदाण्याची आमटी केली. घरात उपास कधी कुणी धरलेला नव्हता. फोडणी रोजच्यासारखीच पडली.

मॅडमनी डबा ओढला, चमचा बुडवला आणि थांबल्या.

"मोहरी हाय गं यात. उपासाला चालत न्हाई."

राजश्रीनं मनिषाकडं पाहिलं.

"न्हाईच चालत," मनिषा वाढून घेत म्हणाली. "मला काय, माझा उपास न्हाई."

आजवर गिळलेलं राजश्रीच्या तोंडून निघालं. "मॅडम, मोहरी नसती तर खाल्लं असतं?"

मॅडमचा चेहरा उतरला. नाहक संशय आलेल्या माणसाचा असाच उतरतो, आणि चोरी सापडलेल्याचाही.

"कावून असं इचारती? उद्या आण की. फक्त आंबट नको घालू, शुक्रवार हाय."

मनिषा हसली, मॅडमही हसल्या. राजश्री हसली, पण तोवर त्यांचं हसून झालं होतं.

संध्याकाळी तिनं मोबाइलवर अर्ज उघडला आणि पहिल्या पसंतीला डोंगरातली एकशिक्षकी शाळा टाकली. अशी शाळा कुणी मागत नाही, त्यामुळे मागितली की मिळते. तिथं मधल्या सुटीत डबा घेऊन समोर बसायला कुणीच नव्हतं.