गुरूच्या घड्याळावर

पहाटे पूर्वेला गुरू ग्रह दिसला की मला अजूनही पुन्हा झोप लागत नाही.

दुष्काळात आम्ही बीड सोडून सहकारी साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलो. हा आमचा ‘तारा’ उसाच्या शेंड्यांवर आला की वडील, आमचे अण्णा, उठवायचे. तो रोज चार मिनिटं आधी उगवतो, हे मला कुठं माहीत होतं? महिन्याभरात दोन तासांची झोप गेली. एकदा उसाच्या फडात पोचलो तर उजाडेचना.

“आज सूर्यच उशीर करायलाय,” अण्णा म्हणाले.

दवानं गार पडलेल्या पाचटात आई चाचपडत ऊस तोडत राहिली आणि कोयता तिच्या बोटावर बसला.

परवा तिला चार मिनिटांचं गणित सांगितलं. वाकडं बोट चोळत ती म्हणाली, “मला तवाच कळलंतं. पर त्यांच्यापाशी तेवढंच घड्याळ व्हतं.”