बर्फवाल्या भाऊजींची गिरकी

माझ्या भाऊजींच्या पायांबद्दल बोलायचं तर आधी त्या पायांखाली आलेल्या सगळ्यांची क्षमा मागायला हवी. ताईच्या लग्नात त्यांनी पहिला पाय दिला तो माझ्या अंगठ्यावर, आणि वर इतक्या काळजीने विचारलं, "लागलं का?" की मीच "छे छे" म्हणाले. अंगठ्याचं नख गेलं, पण माणूस पसंत पडला. तेव्हापासून त्यांची चेष्टा करायचा परवाना माझ्याकडे आहे. मेहुणीने चेष्टा करायची नाही तर कोणी करायची?

भाऊजी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात आहेत. बोटी समुद्रात जाण्याआधी त्यांच्या पोटात बर्फ भरायचा, हे त्यांचं काम. माणसाएवढी लादी आकड्याने ओढत यंत्रापर्यंत न्यायची, फोडायची, पाटीतून बोटीत सोडायची. जमीन कायम ओली. तिथे घसरू नये म्हणून अख्खं पाऊल दाबून टेकवायचं आणि ते टेकल्याची खात्री झाली की मगच दुसरं उचलायचं. हीच चाल ते घरीही घेऊन येतात. ते पाणी प्यायला उठले की खालच्या मजल्यावरची म्हातारी झाडूच्या दांड्याने छत ठोकते.

आणि अशा माणसाला बायको मिळाली ती माझी ताई!

आमच्या गावाला वर्षातून एकदा रीतसर वेड लागतं. समुद्रकाठी लोकसंगीताचा मेळा भरतो. कुठून कुठून वाजवणारे येतात, वाळूवर फळ्यांचं व्यासपीठ उभं राहतं, संध्याकाळी गाणी, त्यानंतर नाच, आणि सकाळभर गावात जिथे चार भिंती दिसतील तिथे कार्यशाळा. टपालकचेरीच्या व्हरांड्यात ढोल शिकवतात. दाताच्या डॉक्टरकडे बासरीचा वर्ग असतो, आणि बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटना कळत नाही की आतून जे ओरडतंय ते नक्की काय आहे. रस्त्याने चालणारा माणूस चालत नाही, ठेक्यात उड्या मारतो. दूधवाल्याने एकदा याच नादात माझ्या पातेल्याऐवजी माझ्या चपलेत दूध ओतलं.

ताईचं शिलाईचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. मेळा आला की त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे नाचाचे घेरदार घागरे लोंबत असतात. दिवसभर ती मशीनवर वाकलेली, तोंडात टाचण्या, कोणी काही विचारलं तर नुसतं "हं". पण संध्याकाळी नाचायला उभी राहिली की तिचं वय विचारायची कोणाची हिंमत होत नाही. विशेषतः शेवटच्या दिवसाचा भरती-ओहोटीचा नाच. जोडीने करायचा. पुरुष पुढे येत जातो, बाई मागे सरकत जाते, मग तो हात उंच धरतो आणि ती त्याच्याखालून गिरक्या घेते. ताईच्या गिरक्या बघायला लोक जेवण अर्धवट टाकून येतात.

तिचा जोडीदार ठरलेला, चौकातला चष्मेवाला. उंच, सडपातळ, बोलायला गोड. भाऊजी पहिल्या रांगेत खुर्चीवर. नाचणाऱ्या सगळ्यांच्या पिशव्या, शाली, चपला, रडकी पोरं त्यांच्या मांडीवर. एका वर्षी कोणीतरी रुमालात गुंडाळून कवळीसुद्धा ठेवायला दिली होती. नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे; पण भाऊजींनी कधी अंगणालाही दोष दिला नाही. नाच संपला की चष्मेवाला ताईला खुर्चीपर्यंत आणून सोडायचा आणि वाकून म्हणायचा, "घ्या, तुमची अमानत." भाऊजी हसायचे. मला मात्र त्या हसण्यात काहीतरी खुपायचं. मनातून वाटायचं, एकदा तरी या माणसाला ताईबरोबर नाचता यावं. मग माझा अंगठा ठणकायचा आणि मी गप्प बसायचे.

या वर्षी ताईचा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू झिजलाय, आता उड्या आणि गिरक्या बंद. ताईने डॉक्टरशी मासळीबाजारात करतात तसा सौदा केला आणि शेवटचा एक नाच पदरात पाडून घेतला. या वर्षीचा भरती-ओहोटीचा नाच, आणि मग पुरे. घरी येऊन तिने हे भाजी निवडता निवडता सांगितलं. भाऊजींनी भाजीतली निवडलेली पानं कचऱ्यात टाकली आणि देठं टोपलीत.

मेळा सुरू झाला आणि भाऊजी संशयास्पद वागायला लागले. सकाळी कामाला जायचे ते दुपारी गुणगुणत परत यायचे. "जादा काम आहे. मेळ्यातल्या सरबतवाल्यांना बर्फ लागतो ना," असं विचारायच्या आधीच सांगायचे. चोराच्या मनात चांदणं! आणि गमबूट कोरडे. बर्फाच्या कारखान्यातून जो माणूस कोरड्या बुटांनी येतो, त्याच्यावर कोणत्या बायकोने विश्वास ठेवावा?

"घोडं कुठे पेंड खातंय ते जरा बघून ये," ताई टाचण्यांमधून म्हणाली. मी तर वाटच बघत होते.

मेळा संपायच्या आदल्या सकाळी मी भाऊजींच्या मागे निघाले. ते कारखान्यावरून सरळ पुढे गेले, बाजार ओलांडला आणि शाळेच्या व्यायामशाळेत शिरले. दारावर पाटी: नवशिक्यांसाठी जोडीनाच. मी मागच्या खिडकीशी विटांच्या ढिगावर चढले.

आत जे दिसलं ते बघून मी ढिगावरून खाली येता येता वाचले. भाऊजी लोकरीच्या मोज्यांवर होते. डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. आणि त्यांना हाताला धरून नाचवत होता तो चष्मेवाला! शिकवणारी बाई टाळ्या वाजवत होती, चष्मेवाला पुढे येत होता आणि आमचे भाऊजी मागे मागे सरकत होते. आणि काय सरकत होते! पुढे जाणारे भाऊजी म्हणजे गावावरचं संकट. पण मागे जाणारा हा माणूस कोणी वेगळाच होता. मग डोक्यात उजेड पडला. जन्मभर बर्फाची लादी आकड्याने ओढत हे गृहस्थ उलटेच चालत आलेत. मागे जायला त्यांना बघावंसुद्धा लागत नाही. चष्मेवाल्याने हात उंच केला, भाऊजी वाकून त्याखालून गेले आणि त्यांनी गिरकी घेतली. वजनदार, पण गोल. भिंतीवरच्या डंबेल्सनी तेवढा आवाज केला.

वर्ग सुटल्यावर मी चष्मेवाल्याला कोपऱ्यात गाठलं. "अहो, तुम्ही त्यांना बाईची बाजू शिकवताय!"

"मी कसला शिकवतोय?" तो घाम पुसत म्हणाला. "पहिल्या दिवशी येऊन त्यांनीच ही पावलं करून दाखवली. म्हणाले, एवढीच येतात, जरा घासूनपुसून द्या. इतक्या आनंदाने हात पुढे केला हो, ही बाईची बाजू आहे हे माझ्याच्याने सांगवलं नाही." मग हळूच म्हणाला, "तुमच्या ताईंसारखंच नाचतात. हुबेहूब. डोळे मिटले तर फरक कळत नाही. पायावर पाय पडला की कळतो."

आता मी काय करणार? उद्यावर आलेला नाच, उलट बाजू शिकवायला वेळ नाही, आणि भाऊजींनी मला बघून आपल्या गळ्याची शपथ घातलेली की ताईला यातलं अक्षर सांगायचं नाही. "तिला घेऊन नाचणार आहे मी," ते म्हणाले. "शेवटचा नाच आहे तिचा. तो तरी माझ्याबरोबर व्हावा." त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी मुकाट मान डोलावली. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईला जाऊन सांगितलं, "कारखान्यातच असतात गं. नवीन बूट मिळालेत, पाणी धरत नाहीत."

शेवटच्या दिवशी सकाळी ताईने स्वयंपाकघरात एक गिरकी घेऊन बघितली. ओट्याचा आधार धरून ती तिथेच खाली बसली. आम्ही दोघं धावलो. ती रडली नाही, पण चेहरा पडला होता. "नाही जमायचं," ती म्हणाली. "चष्मेवाल्याला सांग, दुसरं कोणी बघ म्हणावं." भाऊजी गुडघ्याला मलम चोळत बसले. चोळता चोळता त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. एवढी तपश्चर्या, त्या चष्मेवाल्याच्या मिठीत घाम गाळलेला, आणि सगळं मुसळ केरात!

तरी संध्याकाळी आम्ही गेलो. न जाऊन ताई घरात वेडी झाली असती. ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता, व्यासपीठावर व्हायोलिन, अकॉर्डियन आणि दोन ढोल असे पेटले होते की सरबतवाला गिऱ्हाइकाला पैसे परत देताना नाण्यांनी ताल धरत होता. ताई पहिल्या रांगेत, पाय समोरच्या स्टुलावर. शेजारी मी. भाऊजी इस्त्रीच्या शर्टात, पायात खरे बूट, आणि खुर्चीवर बसायला तयार नाहीत.

भरती-ओहोटी पुकारली गेली. जोड्या पुढे झाल्या. ताईची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत होती आणि डोळे भरत चालले होते. तेवढ्यात भाऊजी तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि हात पुढे केला.

"चल."

"अहो, काहीतरीच काय? गुडघा!"

"दोन पावलं. मग बस."

"तुम्ही? नाचणार?" ताईने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं. लोक बघायला लागले होते. नाही म्हटलं तर नवऱ्याची शोभा. ती उठली. लंगडत फळीवर चढली. दोघांनी हात धरले, ढोल वाजला, आणि दोघंही एकाच वेळी मागे गेले.

हात ताणले गेले. रस्सीखेच सुरू झाल्यासारखं दिसत होतं. मागची जोडी भाऊजींच्या पाठीवर आपटली.

"अहो, पुढे या!" ताई ओरडली.

"पुढे कशाला? नाच मागे जातो!"

"मी मागे जाते! तुम्ही पुढे यायचं! ही बायकांची पावलं आहेत!"

भाऊजी थांबले. आता भाऊजींचा आवाज बर्फ फोडायच्या यंत्रावरून ऐकू जाईल असा घडलेला आहे, त्यामुळे ते जे बोलले ते पहिल्या तीनही रांगांनी ऐकलं. "बायकांची असतात होय? मला काय माहीत! इतकी वर्षं मी तुझेच पाय बघत आलो. दुसऱ्या कोणाचे कधी बघितलेच नाहीत."

शिवताना दोरा तुटला की ताई जशी थांबते तशी ती थांबली. मग तिला हसू फुटलं. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी, आणि ती म्हणते कशी, "अस्सं? मग या." आणि तिने पाऊल पुढे टाकलं.

समोरच्याची पावलं तिला काय अवघड? जन्म गेला ती समोर बघण्यात. आणि पुढे चालायला, हात उंच धरून उभं राहायला गुडघ्याची काही तक्रार नव्हती! गिरक्या होत्या त्या सगळ्या भाऊजींच्या वाट्याला. ताई भाऊजींच्या खांद्याला लागते. तिच्या हाताखालून जायला त्यांना घडी व्हावं लागत होतं. घडी व्हायचे, फिरायचे, उलगडायचे, पुन्हा घडी. लोक आधी हसले, मग टाळ्या, मग शिट्ट्या. अकॉर्डियनवाल्याने चाल वाढवली, नतद्रष्ट मेला! फळ्या दणाणल्या, भाऊजींच्या शर्टाचं एक बटण उडून ढोलावर पडलं, चष्मेवाला खुर्चीवर उभा राहून "वाकून! अजून वाकून!" म्हणून ओरडत होता, आणि मी माझ्या शेजारच्या अनोळखी बाईला गच्च मिठी मारून भोकाड पसरलं होतं. तीही रडत होती. का ते तिला माहीत नव्हतं.

ढोल थांबला. जोड्या वाकून एकमेकांना नमस्कार करून उतरल्या. व्यासपीठावर हे दोघंच राहिले, एकमेकांना कवटाळून. लोकांना वाटलं, काय हे प्रेम! खरी गोष्ट मला दिसत होती. गिरक्यांनी भाऊजींना अशी भोवळ आली होती की त्यांना समुद्र कोणत्या बाजूला आहे ते सांगता आलं नसतं, आणि ताईचा गुडघा एव्हाना संपला होता. दोघांपैकी एकाने सोडलं असतं तर दोघंही आडवे झाले असते.

मी खुर्ची उचलून धावत वर गेले. "ताई, बस गं आधी. भाऊजी, तुम्ही मला धरा."

ताईने भाऊजींच्या छातीवरून मान न उचलता मला हातानेच मागे सारलं.

"थांब गं जरा," ती म्हणाली. "घाई काय आहे?"