अहवालाची शेवटची ओळ

वडील हिंगोलीच्या मोंढ्यात, घाऊक बाजारात, हळदीची पारख करायचे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातलं हळकुंड काढायचं, मोडायचं, आतला रंग बघायचा. मगच प्रत सांगायची.

त्यांच्या मानेवर गाठ आली तेव्हा डॉक्टरांनी सुई घालून थोड्या पेशी तपासायला पाठवल्या. अहवाल इंग्रजीत आला. मी वर्तमानपत्रात बातमीदार असल्यामुळे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे.

"काय म्हणते कागद?"

"लहान पेशी हायेत म्हणते. कॅन्सरच्या स्पष्ट दिसल्या न्हाईत."

"मंग सुरी लावायची न्हाई. सुरी लागली की गाठ पसरते, समदे सांगून राहिले."

"समदे म्हणजे कोण, बाबा?"

"तुझ्या पेपरापेक्षा ज्यांचं जास्त लोक ऐकतात ते."

आम्ही दोघं हसलो. अहवालात खाली आणखी एक ओळ होती : लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, नाकारता येत नाही, पूर्ण गाठ काढून तपासावी. ती मी पाहिली होती. वाचून दाखवली नाही. बातमीत महत्त्वाचं वर येतं. जागा कमी पडली की खालचं कापतात. शिवाय वडिलांना सुरी नको होती, आणि मलाही त्यांना घाबरवायचं नव्हतं.

सात महिन्यांनी काखेत आणि जांघेत गाठी आल्या. तेव्हा मानेची गाठ नांदेडला पूर्ण काढली. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दोन काचा दाखवल्या. पहिलीवर निळसर, बारीक, एकसारख्या पेशी. दुसरीवर खास चाचणीच्या रंगाने त्याच पेशींची केंद्रकं तपकिरी झालेली.

"दिसायला या संथ वाढणाऱ्या लिम्फोमासारख्याच आहेत," त्या म्हणाल्या. "तपकिरी रंग आला, म्हणून हा मॅन्टल सेल लिम्फोमा. हा बहुतेकदा संथ राहत नाही. उपचारही वेगळे."

"सुईच्या तपासणीत कळलं नसतं?"

"सुईत सुट्या पेशी येतात, गाठीची रचना येत नाही. म्हणून पूर्ण गाठ मागतात. तुमच्या अहवालात लिहिलं असेल."

"लिहिलं होतं. तेव्हाच काढली असती तर?"

"ते काचेवर दिसत नाही," त्या म्हणाल्या.

रोग अस्थिमज्जेपर्यंत गेला होता. घरी आल्यावर मी जुना कागद काढला आणि वडिलांना शेवटची ओळ वाचून दाखवली.

"मोडल्याबिगर मी कधी प्रत सांगितली का?" ते म्हणाले. "माझं मलाच कळाया पायजे व्हतं."

मी म्हणालो, "चूक माझी हाय."

"व्हय," ते म्हणाले. "तुझी बी हाय."

उपचारांचे चार फेरे झाले. पुढच्या हंगामाची हळद मोंढ्यात यायच्या आधी ते गेले.

त्यांच्या गाठीचा तुकडा नांदेडच्या प्रयोगशाळेत मेणाच्या वडीत जपून ठेवलेला आहे. वडीवर नाव नाही, क्रमांक आहे. तो मला पाठ आहे.